लांब केसांच्या मांजरीला पिसवा; घर सारवलेलं, कोठा लागूनच

सपरीतली_माऊ (ता. आर्णी)

नमस्कार मंडळी. घरी पर्शियन मिश्र जातीची मादी मांजर आहे, वय अडीच वर्षं, वजन चार किलोच्या आसपास. केस लांब, पोटाखाली आणि कानामागे गुठळ्या होतात. पोळ्यापासून पिसवा फार वाढल्या. दिवसभर खाजवते, शेपटीच्या मुळाशी बारीक खपल्या आहेत, पोटावरचे केस चाटून चाटून विरळ झाले. लहान मुलांच्या शाम्पूनं आंघोळ घातली की एक-दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. आता घरच्यांच्या पायांवरही चावे दिसतात, घोट्यापासून पोटरीपर्यंत.

सपरी आणि आतली खोली शेणानं सारवलेली, स्वयंपाकघरात शहाबादी फरशी. मागं कोठा: दोन बकऱ्या, एक कुत्रा, कुटाराचा ढीग. मांजर सपरीतल्या बाजेवर झोपते, नाहीतर वेचून आणलेल्या कापसावर.

एक जण म्हणतो कपाशीवरचं फिप्रोनिल (कीटकनाशक) पाण्यात टाकून अंग पुसून घ्या. दुसरा ढोरांच्या गोचिडाचं औषध द्यायला तयार आहे. दोन्हीपैकी कोणतं आणि किती मिली? केस सरसकट कापून टाकू का?

वणाकाठ (हिंगणघाट)

ताई, कोणी काही बी सांगो, ते ढोराचं औषध मांजरीले लावू नोका. कुत्र्याचं बी नाही. बाटलीवर सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फ्लुमेथ्रिन, परमेथ्रिन नाही त अमिट्राझ यातलं काही बी लिहिलं असन त ती बाटली मांजरीपासून दूरच ठेवा. बाकी सविस्तर कोणी सांगतीनच.

पशुधन_निवृत्त (वाशीम)

वणाकाठ यांनी सांगितलं ते आधी पक्कं करून घ्या. या 'थ्रिन' गटातली औषधं मोडून शरीराबाहेर टाकायची जी प्रक्रिया यकृतात चालते (ग्लुक्युरोनिडेशन), ती मांजरीत फार कमजोर असते. कुत्रं आणि गाय जे पचवतात ते मांजरीच्या अंगात साचतं आणि मज्जातंतूंवर चढतं. आधी कान फडफडणं, अंगाला बारीक कंप, लाळ, मग झटके. काही तासांत सुरू होतं, कधी दोन-तीन दिवसांनीही. कोणी आधीच लावून बसलं असेल तर कोमट पाण्यानं (गरम नको, गरम पाण्यानं औषध कातडीत जास्त मुरतं) आणि भांडी घासायच्या पातळ साबणानं अंग धुवा, कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि लगेच दवाखाना गाठा. याला घरगुती उतारा नाही. दूध-तूप पाजत बसू नका.

आता तुमच्या मांजरीचं. आधी खात्री करून घ्या की पिसवाच आहेत. ओला पांढरा कापूस पसरून त्यावर तिचे केस उलटे झाडा. मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण पडतील. दोन मिनिटांत कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे न पचलेलं रक्तच. डाग नाही आला तर ती धूळ. पिसू स्वतः दिसली नाही म्हणून नाही असं समजू नका. मांजर चाटताना बऱ्याच पिसवा गिळून टाकते. शेपटीच्या मुळाशी खपल्या आणि पोटावर विरळ केस म्हणजे पिसूच्या लाळेची ॲलर्जी बहुधा. पण गोल टक्कल पडून कडेला कोंडा दिसत असेल तर ते गजकर्ण असू शकतं. पर्शियनमध्ये ते नेहमी आढळतं, माणसांनाही लागतं, आणि खाजेची स्टेरॉइडवाली ट्यूब लावली की जास्त पसरतं. ते डॉक्टरला दाखवूनच ठरवा.

फणी. बाजारातली पिसवांची फणी मिळाली तर उत्तम, नाहीतर उवा-लिखांची बारीक दातांची धातूची फणी चालते. पण लांब केसांत ती सरळ घालाल तर अडकेल, मांजर ओरबाडेल आणि पुन्हा हात लावू देणार नाही. आधी रुंद दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे, थोडं थोडं. गुठळीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी मधोमध फाडून दोन करा, मग त्या दोनाच्या चार. गुठळीखाली कात्री कधीच घालू नका. मांजरीची कातडी कागदासारखी पातळ असते, गुठळीसोबत वर उचलली जाते आणि केसांऐवजी तीच कापली जाते. निघतच नसेल अशी गुठळी दवाखान्यात मशीननं काढून घ्या. आणि गुठळ्या सोडवल्याशिवाय आंघोळ नको, ओल्या झाल्या की त्या आणखी घट्ट आवळतात आणि आतली कातडी ओली राहून कुजते.

नंतर बारीक फणी: मानेभोवती, हनुवटीखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी. शेजारी गंजात पाणी आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निघून जाते, साबणानं पाण्याचा पृष्ठताण मोडतो म्हणून बुडते. फणी काढली की लगेच त्यात बुडवायची. नखावर चिरडायची सवय असेल तर सोडा, पिसूच्या पोटात टेपवर्मची (आतड्यातल्या चपट्या जंताची) पिल्लं असू शकतात. रोज दहा मिनिटं एवढं पुरे.

औषध. तुमच्यासाठी मांजरीचं 'स्पॉट-ऑन' म्हणजे मानेवर टाकायची पिपेट सगळ्यात सोपी. त्यात फिप्रोनिल, किंवा फिप्रोनिल अधिक एस-मेथोप्रीन (हे अंड्यांवरही चालतं), किंवा सेलामेक्टिन. पाकिटावर 'मांजर' लिहिलेलं आणि वजनाचा गट जुळणारा हवा. फिप्रोनिलची मांजरीची पिपेट ०.५ मिलीची असते. कुत्र्याची पिपेट अर्धी करून टाकू नका, काहींत फिप्रोनिलसोबत परमेथ्रिनही असतं.

लांब केसांत हे औषध वाया जाण्याचं कारण एकच: ते कातडीवर न पडता केसांवर पडतं. कवटीच्या मुळाशी, जिथं तिची जीभ पोचत नाही तिथं, केसांचा भांग पाडा. कातडीची गुलाबी रेघ दिसली पाहिजे. पिपेटचं टोक त्या रेघेला टेकवा आणि पूर्ण दाबा. एक जण धरायला, एक जण टाकायला. पुढं ते कातडीच्या तेलातून आपोआप अंगभर पसरतं, म्हणून आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. तुम्ही शाम्पू करून लगेच औषध टाकाल तर तेलच धुतलं गेलेलं असतं, पसरणार कशावरून?

पिपेट नाहीच मिळाली तर फिप्रोनिल ०.२५ टक्के स्प्रे. मात्रा किलोमागं ३ ते ६ मिली. लांब केसांना वरची बाजू धरा. चार किलोला २० ते २४ मिली. लहान १०० मिलीच्या बाटलीच्या एका दाबेत साधारण अर्धा मिली येतो, म्हणजे चाळीस ते अठ्ठेचाळीस दाबा. मोठ्या बाटलीच्या पंपाची दाब मोठी असते, म्हणून बाटलीवरचा आकडा वाचूनच मोजा. लोक चुकतात ते इथंच: पाच-सहा दाबा मारून औषध चालत नाही म्हणतात. हातमोजे घालून केस उलटे करत मारा, मुळापर्यंत चोळा. तोंडावर थेट नाही; मोज्यावर घेऊन गालावर पुसा, डोळे टाळून. यात अल्कोहोल असतं, चुलीजवळ, उदबत्तीजवळ नको. उघड्या सपरीत मारा आणि पूर्ण वाळेपर्यंत चाटू देऊ नका. थोडी लाळ गाळली तर घाबरू नका, ती चवीमुळं.

वजन खरं मोजा. किराणा दुकानाच्या काट्यावर पिशवीत बसवून, मग पिशवीचं वजन वजा. 'आसपास' चालत नाही.

आणि कोणी इव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टोचायला निघालं तर नको म्हणा. गोचीड, खरूज यांच्यासाठी ते वापरतात, पिसवांवर नेहमीच्या मात्रेत चालत नाही. मात्रा वाढवली तर मांजर आंधळी होणं, तोल जाणं हे सगळं होऊ शकतं.

सपरीतली_माऊ

धन्यवाद दादा, खूपच सविस्तर. अडचण ही की तालुक्याला दुकानात ढोरांचीच औषधं जास्त. मांजरीची पिपेट म्हटलं की दुकानदार हसतो. म्हणूनच फिप्रोनिलचं विचारलं, नाव तर एकच आहे ना? ०.२५ टक्के करायला किती पाणी ते सांगा. केसांचंही राहिलं.

कपाशीवाला_दारव्हा

नाव एक असलं तरी डबा एक नाही. कपाशीवर मारतो ते फिप्रोनिल ५ टक्के एससी. हिशेब सरळ आहे, वीसपट पातळ केलं की ०.२५ टक्के. पण तो हिशेब फक्त फिप्रोनिलचा झाला. डब्यातला बाकीचा भाग काय? कण पाण्यात तरंगत ठेवणारी रसायनं, पानाला चिकटवणारी, गोठू न देणारी. ती पानासाठी बनवलेली आहेत, जिभेसाठी नाहीत. मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेते. शिवाय जनावराच्या स्प्रेत औषध अल्कोहोलात विरघळलेलं असतं, ते केसांच्या मुळापर्यंत जाऊन तेलात मुरतं. एससी म्हणजे पाण्यातली बारीक भुकटी, ती लांब केसांवर थर होऊन वाळते. कातडीपर्यंत पुरेसं पोचत नाही, जिभेवर मात्र पुरेपूर. कपाशीवरचं दुसरं कीटकनाशक, इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, त्याचंही असंच. मांजरीच्या पिपेटमध्ये इमिडाक्लोप्रिड असतं म्हणून कोणी तेही सुचवेल.

मापाचंही बघा. पंपाला मिली मोजायचं झाकण घेऊन तुम्ही चार किलोच्या जिवाची मात्रा काढणार. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ती तर साठ-सत्तर किलोची होती.

पिपेट यवतमाळ, अमरावती, नागपूरला पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. कोणी जाणारं-येणारं असेल तर सहा महिन्यांच्या एकदमच मागवा, तारीख बघून. पाकीट फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, फक्त उन्हात आणि चुलीजवळ नको.

पशुधन_निवृत्त (वाशीम)

बरोबर. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून चिठ्ठी लिहून घ्या, औषधाच्या दुकानाला मागवून देता येतं. मांजर कंप पावायला लागली वगैरे झालं तर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन करून जवळ कोण उपलब्ध आहे ते विचारा. अवघड प्रकरणांना नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे.

केस सरसकट भादरू नका. पिसू केसांत नाही, कातडीवर जगते. केस गेले तरी ती राहते. पोट, जांघ, शेपटीखालचा भाग आणि कानामागं दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कमी करा. फणी चालते, औषध कातडीपर्यंत पोचतं, एवढाच फायदा हवा आहे.

सारवण_सेलू (जि. वर्धा)

मांजरीवर सगळे बोलले, घर तसंच राहिलं. खरी लढाई तिथं आहे. अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण संख्येच्या पाचेक टक्के. बाकीच्या अंडी, अळी आणि कोष होऊन तुमच्या सपरीत, बाजेखाली, कापसाजवळ पडलेल्या आहेत. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. अंडी चिकट नसतात, मांजर उठली-झटकली की गळतात. म्हणून जिथं झोपते तिथं सगळ्यात दाट.

अळी उजेडाला पळते, भेगेत जाते, मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा खाऊन वाढते. तिला ओल लागते. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की ती मरते. आता हिशेब लावा. पावसाळा संपताना आपल्याकडं सत्तावीस-अठ्ठावीस अंश, हवा दमट, सारवलेली जमीन थंड आणि ओलसर, वर भेगा. याहून चांगलं पाळणाघर तिला मिळणार नाही. या हवेत अंड्यापासून पिसू तीन-चार आठवड्यांत तयार होते.

मग कोष. हा सगळ्यात चिवट. अळी रेशमाचा कोष विणते, त्यावर धूळ चिकटते, तो मातीच्या कणासारखाच दिसतो. कोणताही फवारा त्याच्या आत जात नाही. आतली पिसू आठवड्याभरातही निघते आणि कोणी आलंच नाही तर महिनोन्महिने थांबतेही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड यातलं काही जाणवलं की बाहेर. म्हणून लग्नाला जाऊन आल्यावर बंद घर उघडलं की एकदम पायावर चढतात; त्या कुठून आलेल्या नसतात, तुमचीच वाट बघत असतात.

क्रम असा ठेवा. ज्या दिवशी मांजरीला औषध, त्याच दिवशी कुत्र्यालाही (त्याचं वेगळं, कुत्र्याचंच). कुत्र्याच्या औषधात परमेथ्रिन असेल तर तीन दिवस दोघांना एकत्र झोपू देऊ नका. एकाला सोडून दुसऱ्याला केलं तर सगळं फुकट.

गोधड्या, वाकळी, बाजेवरचं अंथरूण: भगोण्यात उकळतं पाणी, दहा मिनिटं बुडवून, मग कडक उन्हात दोन्ही बाजूंनी. वाकळीच्या शिवणी उलट्या करून वाळवा, आत कोष असतात. बाजेची नवार किंवा दोरी सैल असेल तर बाज अंगणात उभी करून तिच्यावर उकळतं पाणी ओता. आठवड्यातून एकदा, निदान दोन महिने. मांजरीला एकच ठराविक गोणपाट द्या आणि तेच रोज झटका-बदला. दहा ठिकाणी झोपली तर दहा ठिकाणी निस्तरावं लागतं.

कापूस. यावर औषध मारता येत नाही आणि मारूही नये. ढिगाला जाळी किंवा ताडपत्री लावून मांजरीचं त्यावर जाणं बंद करा, एवढंच. विकायला नेताना कापसात मांजरीचे केस निघाले तर प्रतवारीतही खोड काढतात, ते वेगळं.

जमीन. भेगा आधी लोखंडी सळईनं किंवा जुन्या विळ्याच्या टोकानं खरवडा, केरसुणीनं ओढून सुपलीत घ्या. तो केर उकिरड्यावर टाकू नका, तिथून पिसवा निघून कुत्र्यावर चढतील. साबणाच्या पाण्यात बुडवा किंवा जाळा. मग माती, शेण आणि बारीक कुटार मळून भेगा भरा, दाबून. वरून पातळ सारवण, आणि ते पूर्ण वाळेपर्यंत खोली मोकळी. इथं बहुतेक चूक होते: पिसवा झाल्या म्हणून रोज सारवतात. रोजची ओल अळीला हवीच असते. पिसवा असेपर्यंत आठ-दहा दिवसांतून एकदाच, तेही सकाळी उन्हाच्या दिवशी, दारं-खिडक्या उघडी ठेवून. अंगणात सडा हवा तेवढा टाका, पण सपरीत नको.

फवारा मारायचा असेल तर झुरळांचा डबा भेगांपुरता, मांजर आणि पोरं बाहेर, वाळल्यावर दोन तास हवा खेळू देऊन मगच आत. पण मातीची जमीन औषध शोषून घेते, फरशीवर जितके दिवस टिकतं तितकं मातीवर टिकत नाही. त्यामुळं त्यावर फार भिस्त ठेवू नका. स्वयंपाकघराच्या फरशीच्या सांध्यांत कॅरमची बोरिक पावडर घासून भरता येते. अळी ती खाऊन मरते, मोठ्या पिसूवर काही होत नाही. वरची सगळी पुसून काढा, पोरं किंवा मांजर चाटतील अशी मोकळी राहिली तर विषच आहे. सारवलेल्या ओलीत तिचा उपयोग नाही.

कोठा. कुटाराचा ढीग जमिनीवरून उचलून फळ्यांवर घ्या, खालची कुजकी थर काढून उन्हात पसरा. कुत्रं तिथंच झोपतं ना? मग तीच दुसरी खाण. मांजरीच्या पिसवा बकऱ्यांना आणि वासरांनाही चावतात, तेव्हा खाली सुकं ठेवा. बकऱ्यांना औषध द्यायचं तर डॉक्टरलाच विचारा, दुधाचा प्रश्न असतो. कोंबड्या असतील तर खुराड्यात फिप्रोनिल अजिबात नाही. २०१७ मध्ये युरोपात याच कारणानं लाखो अंडी फेकावी लागली होती.

कमी होतात का ते पाहायचं असेल तर रात्री बुटक्या स्टुलावर बल्ब, त्याखाली वीतभर अंतरावर पसरट थाळी, थाळीत साबणपाणी. उबेला आणि उजेडाला उड्या मारून पिसवा पडतात. सकाळी मोजा, आठवड्याला एकदा. ही मोजणी आहे, इलाज नाही. वीज जाणार असेल त्या रात्री लावून उपयोग नाही हे सांगायला नको. ते नको तर पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चढवून खोलीत पाच मिनिटं फिरा.

निंबोळी_पुसद

एवढं रसायन कशाला जी? निंबोळी तेल आणि कापूर खोबरेल तेलात कालवून लावा. काही ठिकाणी तंबाखूचं पाणीही लावतात. स्वस्त आणि देशी.

पशुधन_निवृत्त (वाशीम)

देशी म्हणून निरुपद्रवी होत नाही. कापूर मांजरीला विषारी, कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही. तंबाखूच्या पाण्यात निकोटीन असतं, चाटलं की उलट्या आणि झटके. निंबोळी तेल गुरांना लावतात, पण दाट तेल लावलेल्या मांजरींना विषबाधा झाल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. निलगिरीचं तेल, रॉकेल, लसूण खाऊ घालणं, हे सगळं त्याच यादीत. लसणानं तर मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तेल लावल्यावर लांब केस चिकटून गुठळ्या होतात ते वेगळंच. वाळलेला निंबाचा पाला अंथरुणाखाली ठेवायचा तर ठेवा, नुकसान नाही. पण त्यानं पिसवा जातील ही आशा नको.

मांजरपिल्लं_उमरेड

याच विषयात विचारतो. मांजरीला पाच आठवड्यांची तीन पिल्लं आहेत, तीपण पिसवांनी भरली. त्यांना पिपेट चालेल?

पशुधन_निवृत्त (वाशीम)

नाही. बहुतेक पिपेटी आठ आठवड्यांच्या वरच्या पिल्लांसाठी असतात, पत्रकावर वय लिहिलेलं असतंच. पण थांबूही नका. बहात्तर माद्या मिळून दिवसाला एक मिलीच्या आसपास रक्त पितात असं मोजलेलं आहे. अर्धा किलोच्या पिल्लात रक्तच जेमतेम तीस मिली. ओठ वर करून हिरड्या बघा: गुलाबी हव्यात. पांढरट असतील, पिल्लू सुस्त आणि थंड लागत असेल तर आजच दवाखाना.

हिरड्या ठीक असतील तर दिवसातून दोनदा फणी. खूपच असतील तर कोमट पाणी, साधा सौम्य शाम्पू; आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर अंग भिजताच सगळ्या पिसवा कान-डोळ्यांकडं धावतात. एका वेळी एकच पिल्लू, पाच मिनिटांत बाहेर, कोरडं फडकं, मग उबेला. थंडी लागून पिल्लू दगावतं, पिसवांपेक्षा लवकर. खालचं फडकं रोज बदला. दूध पाजणाऱ्या आईला कोणतं औषध हे डॉक्टरकडून लिहून घ्या.

वणाकाठ (हिंगणघाट)

एक राहिलं. शेपटीखाली नाही त अंथरुणावर तांदळाच्या दाण्यावाणी पांढरं, वळवळणारं काही दिसते का ते पाहा. तो टेपवर्म. पिसू गिळली की पोटात जाते. पोरांनं चुकून पिसू गिळली त त्यालेबी होऊ शकते.

आणि गावात कोणाले ताप आला की पिसवांवर नाव जाते, काहून की २०१८ साली नागपूरकडं स्क्रब टायफसची साथ होती. तो पिसवांनं नाही होत, गवतातल्या बारीक चिगर किड्याच्या चाव्यानं होते.

सपरीतली_माऊ

ते दाणे दिसले! त्यावर काय? आणि औषध टाकल्यावरही पिसवा दिसल्या तर ते चाललं नाही असं कधी समजायचं?

पशुधन_निवृत्त (वाशीम)

टेपवर्मला प्राझिक्वांटेल, किलोमागं ५ मिलीग्रॅम, म्हणजे चार किलोला २० मिलीग्रॅम. मांजरीची गोळी घ्या, तिच्यात बहुधा पायरँटेलही असतं, ते गोल जंतांसाठी. माणसांची पाचशे-सहाशे मिलीग्रॅमची गोळी तोडून वीस काढता येत नाही, प्रयत्न करू नका. गोळी कडू असते, तोंडात ठेवून फेस काढते; जिभेच्या मुळाशी टाकून तोंड मिटा आणि गळ्यावरून बोट फिरवा, लगेच चमचाभर पाणी. पिसवा आटोक्यात आल्या नाहीत तर दोन-तीन आठवड्यांत दाणे पुन्हा दिसतील. गोळी चालली नाही असं नाही, नवी पिसू गिळली गेली.

दुसऱ्या प्रश्नाला: औषध टाकल्यापासून दोन दिवसांनी फणी फिरवा. अंगावरच्या जुन्या पिसवा तोवर मेलेल्या असल्या पाहिजेत. दोन दिवसांनीही चपळ, पळणाऱ्या पिसवा बऱ्याच सापडल्या तर औषध कातडीवर पडलं नाही, आंघोळ झाली, किंवा वजन चुकलं. त्याच आठवड्यात दुसरी पिपेट टाकू नका, डॉक्टरला विचारा. पण दोन दिवस साफ, आणि मग दहाव्या-पंधराव्या दिवशी दोन-चार दिसल्या, त्या सुस्त, अडखळत चालणाऱ्या, तर औषध बरोबर चालतंय. त्या कोषातून नव्या निघालेल्या, मांजरीवर चढून मरायला लागलेल्या. हे दोन-तीन महिने चालतं. नेमकं याच काळात लोक औषध बदलतात किंवा सोडतात. दर चार आठवड्यांनी एक, निदान तीन वेळा, आणि अंगावर काही दिसत नसलं तरी तिसरी टाकायचीच.

सारवण_सेलू (जि. वर्धा)

त्यात एक भर. एप्रिल-मेमध्ये अंगणातल्या अळ्या आपल्या उन्हानं भाजून जातात, म्हणून लोक बेफिकीर होतात. पण घरात कूलर चालतो. खसाच्या ताट्यांतून येणारी ओली हवा बंद खोलीत साचली की आत पुन्हा पावसाळाच. कूलर लावाल त्या खोलीची समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, मांजरीचं गोणपाट कूलरच्या झोतात ठेवू नका, आणि मार्चमध्येच एक पिपेट टाकून घ्या.